माना डोलत होत्या तेव्हा तू थांबलास

दादा,

तुझ्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला विहारात बसायला जागा उरली नव्हती. रायपूरच्या वर्कशॉपमधले तुझे जुने साथीदार आले, रेल्वे कॉलनीतले आले, बिलासपूरहूनही दोन-चार जण आले. जो उठला तो तुझ्या भाषणांबद्दल बोलला. गेटवर उभा राहून माईकशिवाय बोलायचास आणि शेवटच्या माणसापर्यंत आवाज जायचा, हे तर तिघांनी सांगितलं. खोटं नाही ते. पण मी मागच्या सतरंजीवर बसून विचार करत होते की हे ज्या दादाबद्दल बोलून राहिले, त्याचा आवाज तर कधीच गेला होता. आणि ज्या दादाचा मला सगळ्यांत जास्त अभिमान आहे, तो यांच्यापैकी कोणी पाहिलेलाच नाही.

मला बोलायला सांगितलं तेव्हा उठले, दोन वाक्यं बोलले आणि खाली बसले. सभेत बोलणं मला कधी जमलं नाही, तुला माहीत आहे. म्हणून आता घरी बसून तुझ्याशीच बोलते.

आपला वाद जुना. मी कॉलनीच्या शाळेत खेळ शिकवायला लागले तेव्हापासूनचा. सकाळी मी खो-खोच्या पोरींना मैदानावर रांगेत उकिडवं बसवायची, डोळे मिटायला लावायची आणि सगळ्यांचा श्वास एका लयीत येईपर्यंत काहीच करू द्यायची नाही. तू रात्रपाळी संपवून डबा हलवत यायचास आणि भिंतीपाशी थांबायचास.

"नंदे, या पोट्ट्यांना काही सांगत काहून नाही तू? नुसती बसवून ठेवली."

"बसायलेच शिकवून राहिली."

तू हसायचास. तुझं म्हणणं एकच होतं, माणसं जुळतात ती शब्दानं. मुद्दा नीट समजावला, चार लोकांना पटला, की झाली टीम तयार. माझं म्हणणं उलटं. अंगं आधी जुळतात, मुद्दे नंतर. धावणारी पोरगी मागून येते, बसलेलीला ती दिसतही नाही, आणि तरी 'खो' कानावर पडायच्या आत तिचे गुडघे उठायला निघालेले असतात. हे भाषण देऊन कोणाला शिकवता येतं का?

आणि तू भाषण दिलंसच. आंतरशालेय स्पर्धेच्या शेवटच्या सामन्याला इस्त्रीचा शर्ट घालून आलास, माझ्या मुलींना गोल उभं केलंस आणि एकजुटीवर असं बोललास की बाजूच्या शाळेच्या मुलीही ऐकायला आल्या. आपण सामना हरलो. परतताना स्कूटरवर तू म्हणालास, "ऐकलं असतं तर जिंकल्या असत्या." मी मागून म्हणाले, "ऐकलं म्हणूनच हरल्या." बूढ़ा तलावाच्या काठाशी तू स्कूटर थांबवलीस. मला वाटलं रागावलास. तू भजी घेऊन आलास आणि माझ्या हातात पुडा देत म्हणालास, "आता खातानी तरी बोलू नको."

त्यानंतर कुठलंही निमित्त आपल्याला पुरायचं. तुझी युनियन, माझ्या शाळेतल्या शिक्षकांच्या बैठका, तुझ्या निखिलच्या लग्नाची बोलणी. वहिनी म्हणायची, "तुमी दोघं भावंडं बसा बोलत, मी झोपते." ती गेली, तू माझ्या घराच्या वरच्या खोल्यांमध्ये राहायला आलास, आणि वाद जिन्यावरून चालू राहिला.

मग तुला लकवा झाला. उजवा हात गेला, उजवा पाय निम्मा गेला, आणि वाचा गेली. डॉक्टर म्हणाले, समजतं त्यांना बरंच, शब्द मात्र सापडत नाहीत. सगळे शब्द गेले आणि एकच राहिला, 'साथियो'. भाषण नाहीसं झालं आणि त्याचा पहिला शब्द तेवढा तोंडात अडकून बसला. चहा हवा असला की साथियो. उशी टोचली की साथियो. निखिल बंगळूरहून आला आणि माझ्या गळ्यात पडून रडला, "बुआ, पापा तो सिर्फ साथियो बोल रहे हैं." त्याच्या डोक्यावर डावा हात ठेवून तू त्याला जे म्हणालास तेही तेच होतं, पण इतक्या मायेनं, की तो रडायचा थांबला.

संध्याकाळी वंदनेला बसलो की त्रिसरण-पंचशील तू अख्खं म्हणायचास, एक अक्षर न चुकता. वंदना संपली की पाणीसुद्धा मागता यायचं नाही. मला वाटायचं, हे कसलं कुलूप आहे, ज्याची किल्ली एका दाराला लागते आणि शेजारच्या दाराला नाही?

वाईट होतं ते हे की तू माणसांना भेटेनासा झालास. वर्कशॉपचे लोक आले की भिंतीकडे तोंड करून पडून राहायचास. ते माझ्याशीच हवापाण्याच्या गोष्टी करून निघून जायचे. सभांमध्ये हरलेला दादा मी पाहिला होता, निवडणुकीत पडलेला पाहिला होता. पण असा कधीच नाही.

डॉक्टरांनीच त्या गटाबद्दल सांगितलं. दवाखान्याच्या मागच्या इमारतीत दर बुधवारी झटक्यामुळे वाचा गेलेली माणसं एकत्र बसतात. मी तुला फक्त एवढंच म्हटलं, "दादा, मीटिंग आहे." तू डाव्या हातानं खुंटीवरच्या शर्टाकडे बोट दाखवलंस.

त्या दिवशी तिथे चौघं होते. बूढ़ापाऱ्यातले हरीश भैया, कापड दुकानवाले. त्यांना एखादा शब्द यायचा, पण हवा तो नाही. पंखा म्हणायचं असलं की चप्पल म्हणायचे आणि स्वतःच कपाळ बडवून घ्यायचे. रेशमा, नवा रायपूरला सरकारी कार्यालयात नोकरी करणारी, बाळंतपणानंतर महिन्याच्या आत झटका आलेली. ती पहिलं अक्षर लिहू शकायची, पुढचं नाही. बीरगांवच्या दुलारी दीदी, वयानं माझ्याएवढ्या. त्या कोणीही काहीही म्हटलं तरी गोड हसून मान डोलवायच्या. आणि चौथा तू. शिकवायला अंकिता मॅडम, आपल्या निखिलपेक्षाही लहान मुलगी. मी आणि बाकीचे घरचे लोक भिंतीलगतच्या बाकावर.

अंकिता मॅडमनं टेबलावर चित्रं पसरली. भाज्या, भांडी, ताटं. चौघांनी मिळून एक जेवण ठरवायचं, एवढंच काम. तू काय केलंस ते तुला आठवत असेल. सगळी चित्रं डाव्या हातानं स्वतःकडे ओढलीस, पटापट लावलीस, आणि टेबलावर बोट आपटून म्हणालास, "साथियो." ठराव मंजूर. बाकीचे तिघं खुर्चीला पाठ टेकून बसून राहिले. वेगवेगळ्या स्टॉपवर वेगवेगळ्या बसची वाट पाहणारी माणसं दिसावीत तसे ते दिसत होते. वाचा गेली होती पण तुझी सभा काही गेली नव्हती. रिक्षात मी तसं म्हटलंही, आणि तू रागानं बाहेर पाहत बसलास. मला मात्र बरं वाटलं. कित्येक आठवड्यांनी तू कोणावर तरी रागावला होतास.

पुढचे काही बुधवार असेच गेले. मग एकदा रेशमा काहीतरी शोधत होती. सहलीची आखणी चालली होती. तिच्या हातात पेन होतं, ओठ हलत होते, अक्षर येत नव्हतं. तिला हवं असेल असं वाटणारं एक चित्र तुझ्यासमोरच होतं आणि तुझा हात त्यावर पोचलाही होता. तू ते तिच्यापुढे टाकशील आणि काम संपवशील, हे मला माझ्या बाकावरून दिसत होतं. तू हात मागे घेतलास. मांडीवर ठेवलास. आणि थांबलास.

दादा, तुला मी आयुष्यभर ओळखते. दुसऱ्याचं वाक्य संपेपर्यंत थांबलेला तू मला तेव्हा प्रथम दिसलास. रेशमानं 'ब' लिहिला. बऱ्याच वेळानं त्याच्यापुढे एक वाकडी रेघ काढली, तो बाळाचा पाळणा होता. सहलीला बाळालाही न्यायचं होतं तिला. हरीश भैयांनी आधी मान हलवली, मग दुलारी दीदींनी, मग तू. रेशमा रडली आणि हसली.

त्यानंतर ते टेबल बदलत गेलं. कसं, ते मला सांगता आलं नसतं, पण अंकिता मॅडमनं एके दिवशी दाखवलं. ती सर्वांची परवानगी घेऊन मोबाइलवर चित्रण करायची. त्या दिवशी तिनं सुरुवातीचा एक तुकडा आणि ताजा एक तुकडा आवाज बंद करून लावला. "आज सुनना नहीं है," ती म्हणाली, "सिर्फ देखिए."

पहिल्या तुकड्यात एक माणूस हलतोय आणि तिघं दगडासारखे. दुसऱ्यात हरीश भैया पुढे वाकले, त्यांच्यापाठोपाठ रेशमा, मग तुझा खांदा, मग दुलारी दीदींचं डोकं. परत मागे आले तेही तसेच, एकामागून एक. धानाच्या रोवणीला बायांची रांग वाकते आणि उठते ना, तसं. कोणी कोणाकडे पाहून करत नव्हतं. अंकिता मॅडम म्हणाली, "बातचीत में लोग जब सच में साथ होते हैं तो अक्सर शरीर भी साथ चलने लगता है. कोई तय नहीं करता, अपने-आप होता है."

मी तुझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मला माहीत आहे, कारण तू लगेच खिडकीबाहेर पाहायला लागलास. सगळा जन्म वाद घातला आणि शेवटी एका पोरीनं मोबाइलवर निकाल दिला, माझ्या बाजूनं. तुला हसू दाबता येत नव्हतं. लकव्यानं उतरलेली तुझी बाजूसुद्धा थोडी हसली.

मी महिनाभर त्या विजयात होते. घरी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत होते. मग तो बुधवार आला.

दुलारी दीदींचा मुलगा उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात कामाला. चांगला मुलगा. दर बुधवारी सुट्टी मागून आईला बीरगांवहून मोटरसायकलवर आणायचा. त्या दिवशी तो आमच्या बाकावर बसला नाही. टेबलापाशी उभा राहून हात जोडून बोलायला लागला. सुपरवायझर आता सुट्टी देत नाही. घरी दिवसभर आई एकटी असते. गावाकडे मामा आहेत, मामी आहे, अंगण आहे, हवा आहे. म्हणून आईला गावी ठेवतो. तिकडे लोक बोलतात तिच्याशी, तिचं मन रमेल. "आप लोगों ने बहुत किया," तो म्हणाला. "माँ भी राज़ी है. है न दाई? जाबे न?"

जाशील ना आई, असं तो विचारत होता, आणि दुलारी दीदींनी हसून मान डोलवली.

तो इतकं नीट, इतक्या समजुतीनं बोलत होता, की त्याच्या बोलण्याला एक ठेका आला होता. एकेका कारणाला हरीश भैयांची मान हलत होती. रेशमाची हलत होती. दुलारी दीदींची तर हलतच होती. माझीही हलत होती. सगळ्या माना एकाच चालीनं वर-खाली, आणि मला खरोखर वाटलं, बघा, किती छान एकमत झालं. अंकिता मॅडमचा चेहरा पडला होता, पण तीही म्हणाली, "घरवालों का फैसला है, और दीदी खुद राज़ी हैं तो..."

तू मान हलवत नव्हतास. तू टेबलाच्या खाली पाहत होतास.

तू काय पाहिलंस ते मी नंतर वाकून पाहिलं. दुलारी दीदींनी डाव्या हातानं, चांगल्या हातानं, खुर्चीची कड अशी घट्ट धरली होती की बोटं पांढरी पडली होती. मान होकार देत होती आणि हात खुर्ची सोडत नव्हता.

"साथियो," तू म्हणालास.

तो घरातला साथियो नव्हता. चहाचा नव्हता, उशीचा नव्हता. तो गेटवरचा होता. दाराबाहेर चाललेली नर्स थांबली. मुलगा बोलायचा थांबला, आणि सगळ्या माना जिथल्या तिथे थांबल्या. मला वाटलं आता तू टेबल आपटशील, आता तुझी सभा सुरू होईल. तू काहीच केलं नाहीस. खुर्ची थोडी मागे सरकवलीस, दुलारी दीदींच्या बाजूला वळलास, आणि तुझा डावा हात त्यांच्या त्या हातावर ठेवलास. आणि वाट पाहत बसलास.

किती वेळ, मी मोजला नाही. मुलानं दोनदा तोंड उघडलं. तू त्याच्याकडे न पाहता पंजा वर केलास, थांब. हरीश भैया थांबले. रेशमा थांबली. कोणाची मान हलेना, म्हणून दुलारी दीदींचीही हलेना. डोलायला सोबतच उरली नव्हती. त्यांचं हसू हळूहळू उतरलं, आणि त्या चेहऱ्याखाली काय होतं ते त्या खोलीनं पहिल्यांदा पाहिलं. मग त्यांनी खुर्ची सोडली. तळहातानं टेबल थोपटलं. एकदा, दोनदा.

"इहां," त्या म्हणाल्या. इथे.

मुलगा म्हणाला, "का दाई?"

"इहां. मैं... इहां."

तो मुलगा खाली बसला, दादा. कोणी त्याला बसायला सांगितलं नव्हतं. आईनं झटक्यानंतर 'मैं' म्हटलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "मेरे को लगा तू गाँव जाना चाहती है. तू तो हर बात पे हाँ करती है." आणि तिचे पाय धरून बसला. दुलारी दीदी त्याच्या केसांवर हात फिरवत पुन्हा म्हणाल्या, "इहां."

पण सुट्टीचा प्रश्न तसाच होता, आणि आता तुम्ही चौघं कामाला लागलात. मी खूप बैठका पाहिल्या. तुझ्या पाहिल्या, शाळेतल्या पाहिल्या. अशी नाही पाहिली. रेशमानं कागदावर 'बी' लिहिला आणि त्यापासून दवाखान्यापर्यंत रेघ ओढली. तू रेघेवर बोट ठेवून खांदे उडवलेस, कोण? हरीश भैया एकाएकी खुर्चीतच उसळले. छातीपासून हात लांबवून कापड मोजल्यासारखं करायला लागले. "पंखा," ते म्हणाले, "नहीं, नहीं, पंखा..." कपाळ बडवलं. पुन्हा कापड मोजलं, मग स्टिअरिंग फिरवलं. तू त्यांच्यासोबत स्टिअरिंग फिरवलंस, विचारल्यासारखं. रेशमानं कागदावर गाडी काढली. हरीश भैयांची पत्नी आमच्या बाकावरून ओरडलीच, "अरे हाँ, दुकान की गाड़ी! बुधवार को माल लेकर बीरगांव जाती है, खाली लौटती है!"

बस. दुकानाची मालाची गाडी परतताना दुलारी दीदींना घेऊन येणार. जाताना माझ्या ओळखीचा ई-रिक्षावाला. दिवसभर त्या एकट्या असायच्या त्यावर शेजारची सून सकाळ-संध्याकाळ बघेल असं मुलानं आपणहून सांगितलं. बाकीचे आम्ही सगळे बोलणारे होतो, आणि उपाय काढला तो तुम्ही, जेमतेम चार-पाच शब्दांत, त्यातलाही एक चुकीचा. पुढच्या बुधवारी दुलारी दीदी त्या रिकाम्या गाडीत ड्रायव्हरशेजारी बसून आल्या, खिडकी उघडी ठेवून. उतरताना त्यांनी आधी पदर नीट केला, मग आम्हा सगळ्यांकडे पाहिलं. एखादी पुढारी गाडीतून उतरावी तशा उतरल्या.

त्या दिवशी घरी चहा पिताना मी तुला विचारलं, "मग दादा, कोण खरं? तू का मी?" कारण माझ्या विजयाला भोक पडलं होतं. अंगं तर जुळली होती. सगळ्या माना एका लयीत होत्या, आणि ती लय एका बाईला तिच्या मनाविरुद्ध गावी घेऊन चालली होती. आणि तुझ्याही म्हणण्याचं काय उरलं? मुद्दे तर त्या मुलाचेच पटणारे होते.

तू कप ठेवलास. माझ्याकडे पाहून मान डोलवायला लागलास, हळूहळू. माझीही डोलायला लागली, मला कळायच्या आत. आपण दोघं असे डोलत राहिलो, दोन म्हाताऱ्या कबुतरांसारखे. आणि तू एकदम थांबलास. माझी मान एकटीच पुढे डोलत राहिली. तू ते पाहिलंस आणि असा हसलास, की चहा सांडला.

हे तुझं उत्तर होतं की निव्वळ चेष्टा, हे मी तुला कधी विचारलं नाही. विचारून तू सांगणार तरी काय होतास. पण मी त्यावर खूप विचार केला. जुळावं लागतं, नाहीतर कोणी कोणाचं ऐकतच नाही. आणि जुळलेल्यांमधला एक जण थांबू शकला पाहिजे, नाहीतर सगळेच मिळून चुकतात. पण तू थांबलास आणि बाकीचे थांबले, ते तरी का? तुम्ही इतके महिने जुळला होता म्हणूनच ना? म्हणजे पुन्हा माझंच खरं. हे मला तुला म्हणायचं होतं. जिन्यावरून ओरडून म्हणणार होते एखाद्या सकाळी. राहून गेलं.

नंतर तुला मूठभर शब्द परत आले. त्यात माझं नाव होतं, पण ते तू फक्त रागावल्यावर वापरायचास. गटात नवीन माणूस आला, घाबरलेला, भिंतीकडे पाहणारा, की अंकिता मॅडम त्याला तुझ्या शेजारी बसवायची. तू त्याला काही शिकवायचा नाहीस. फक्त त्याच्यासोबत वाकायचास, मागे टेकायचास, आणि त्याच्या अडकलेल्या शब्दासाठी थांबायचास. वर्कशॉपमध्ये हजार लोक तुझं ऐकायचे. इथे तू त्यांचं ऐकलंस. विहारात त्या दिवशी हे कोणी सांगितलं नाही, म्हणून मी सांगते. तुझं मोठं काम हे होतं, दादा, आणि ते तू एका हातानं आणि एका शब्दानं केलंस.

आता कालचं.

काल बुधवार होता. जायचं की नाही, मला कळत नव्हतं. निखिल म्हणाला, "बुआ, आप क्यों जाएँगी, रहने दीजिए." पण मी सकाळपासून साडी नेसून बसले होते, मग गेले. सगळे आले होते, जुने आणि नवे. रेशमाची मुलगी आता चालते, तिनं माझा हात धरून मला आत नेलं. सर्वांनी सरकून मला टेबलापाशी जागा केली.

अंकिता मॅडमचे डोळे सुजलेले होते. ती म्हणाली, "अंकल के लिए दो मिनट का मौन रखते हैं." सगळे उठायला लागले. ज्यांना उठता येत होतं ते टेबलाला धरून उठले. माना खाली गेल्या, एकामागून एक.

"नइ."

दुलारी दीदी बसूनच होत्या. त्यांची मान ताठ होती.

अंकिता मॅडमला वाटलं त्यांना उठता येत नाही. ती हात द्यायला गेली. दीदींनी हात बाजूला केला. "नइ," त्या म्हणाल्या. शब्द शोधत त्यांचे ओठ हलत होते, आणि आम्ही सगळे थांबलो, अर्धे उभे, अर्धे बसलेले. कोणी मदत केली नाही. "चुप... नइ," त्या म्हणाल्या. "चुप नइ रहन."

गप्प नाही राहायचं.

मौन म्हणजे काय हे त्या खोलीतल्या माणसांपेक्षा कोणाला जास्त ठाऊक आहे, दादा? त्यांनी ते महिनोन्महिने पाळलंय, कोणाच्या श्रद्धांजलीसाठी नाही. हरीश भैयांनी दुलारी दीदींकडे पाहिलं आणि धप्पकन खुर्चीत बसले. "नहीं," तेही म्हणाले, आणि या वेळी शब्द बरोबर आला. रेशमा बसली. नवे बसले. अंकिता मॅडम उभीच राहिली, मग डोळे पुसून घड्याळाकडे पाहत म्हणाली, "ठीक है. दो मिनट. सब बोलेंगे."

आणि सगळे बोलले. आळीपाळीनं नाही, एकदम. हरीश भैया कापडांची नावं घेत होते, त्यांना तीच येत होती, आणि एकेक नाव तुला अर्पण केल्यासारखं म्हणत होते. रेशमा मुलीचं नाव सांगत होती, मोठ्यानं, पूर्ण. एक नवा माणूस, ज्याच्या तोंडून आम्ही कधी आवाज ऐकला नव्हता, नुसता 'आ, आ' करत टेबलावर ताल धरून बसला होता. दुलारी दीदी सगळ्यांच्या वरून काहीतरी खणखणीत सांगत होत्या, त्यात मला 'भैया' एवढंच कळलं. आणि मी, जिला सभेत बोलता येत नाही, मी तुझ्याशी तो राहिलेला वाद घातला. म्हणजे पुन्हा माझंच खरं, दादा, असं ओरडून म्हणाले.

वेळ झाली असं अंकिता मॅडमनं सांगितलं. कोणीही थांबलं नाही.